टाळ्या नक्की कधी वाजवायच्या? (एनसीपीए, सिम्फनी)

ठाणेकर: शनिवारी मुंबईत एनसीपीए कलाकेंद्रात परदेशी ऑर्केस्ट्रा ऐकायला चाललोय, बायकोच्या ऑफिसातून पास मिळालेत. आधी मोझार्टची ४० वी सिम्फनी (ऑर्केस्ट्रासाठीची अनेक भागांची मोठी रचना), मग द्वोर्झाकची ९ वी. आपलं आयुष्य भीमसेनजी आणि नाट्यसंगीतात गेलंय, सम आली की दाद द्यायची सवय, तिथे कधी द्यायची?

बटाटेवडा: दोन्हीत चार-चार भाग आहेत, मध्ये थांबले तरी हात मांडीवर ठेवा, चौथा संपून कंडक्टर (हातवारे करून वादकांना चालवणारा) आपल्याकडे वळला की मग काय ते. मी एकदा तिसऱ्यानंतरच वाजवल्या, अख्खी रांग वळून बघत होती 😅

सूरपेटी: मोझार्ट तर लगेच ओळखाल, सलील चौधरींनी 'छाया'तल्या 'इतना ना मुझसे तू प्यार बढा'साठी तीच सुरुवात घेतलीय. १७८८ ची, ट्रम्पेट नाही की टिंपनी (नगाऱ्यासारखे मोठे ढोल) नाही. १८९३ च्या द्वोर्झाकला मात्र वादकांची मागची रांग भरलेली दिसेल, दुसऱ्या भागात इंग्लिश हॉर्नची (सनईच्या जातीचं फुंकवाद्य) ती संथ धून आली की डोळे मिटा. आणि झांज अख्ख्या सिम्फनीत एकदाच वाजते, चौथ्या भागात, तीपण हळूच!

ठाणेकर: एकदाच?? आता मी त्या झांजवाल्याकडेच बघत बसणार.