चार्ट छापायला जायच्या आधी वाचा

मेधा (बी-३०२): सोसायटीच्या विज्ञान कोपऱ्याचा चार्ट पाहिला. ‘सेंट्रोसोम म्हणजेच सेंट्रिओल म्हणजेच बेसल बॉडी.’ कोणी तपासलं हे? दरवर्षी तेच.

जोशी काका (ए-१०१): आकार तर तोच ना? नळ्यांची नऊ त्रिकुटं.

मेधा: काका, नळकांडं तेच, हुद्दा वेगळा. काटकोनात दोन सेंट्रिओल आणि भोवती प्रथिनांचं आवरण, हे सगळं मिळून सेंट्रोसोम. मायक्रोट्युब्यूल, म्हणजे पेशीतल्या बारीक नळ्या, उगवतात त्या आवरणातल्या गॅमा-ट्युब्युलिन या प्रथिनाच्या कड्यांवरून. चार्टवर आवरणच नाही!

राहुल (सी-७०२): स्ट्रॉच्या मॉडेलमध्ये सिलियमच्या (बेसल बॉडीतून वर येणाऱ्या केसासारख्या काडीच्या) शेंड्यापर्यंत २७ स्ट्रॉ आहेत. हवेत असे: खाली २७, वर २०.

शेंडे मॅडम (ए-२०३): क्लबहाउसची किल्ली कोणाकडे आहे?

संदीप (ए-४०४): बेसल बॉडी म्हणजे रिटायर्ड सेंट्रिओल का?

मेधा: रिटायर्ड नाही, बदली झालेला. पेशी विभाजन थांबवते, तेव्हा दोघांतला जुना, म्हणजे मदर सेंट्रिओल पेशीपटलापाशी जातो, टोकाच्या ९ उपांगांनी तिथे चिकटतो आणि त्यातून सिलियम वाढतो. नव्या डॉटरला ही उपांगं नसतात.

संदीप: एकच माणूस, दोन पदं. ओळखीचं वाटतंय 😄

अध्यक्ष: संदीपजी, हिशोब एजीएमला मांडलेला आहे. कृपया विषयावर राहावे.

मेधा: पेशीत निदान पद सोडतात. विभाजनाआधी सिलियम आत ओढला जातो, मग स्पिंडलचं, म्हणजे गुणसूत्रं वाटणाऱ्या दोऱ्यांचं काम.

राहुल: खाली २७, वर २०.

देशपांडे सर (बी-६०१): मेधाताई, इतकं कप्पेबंद नाही. बेसल बॉडीपाशीही गॅमा-ट्युब्युलिन असतं. नुसता तोच स्टेन (रंग) केला तर दोन्हीकडे ठिपकाच दिसणार. सोबत ॲसिटिलेटेड ट्युब्युलिन घ्या, सिलियमची काडी दिसेल. आणि श्वासनलिकेच्या पेशीवर शेकडो सिलिया असतात, तिथे एकटी मदर पुरत नाही. बहुतेक बेसल बॉडी ड्युटरोसोम नावाच्या रचनांवर तयार होतात.

मेधा: मान्य सर. पण कांद्याच्या मुळाच्या चित्रात सेंट्रिओल कोणी काढले? कांद्याला ते नसतातच, स्पिंडल त्यांच्याविना बनतं.

संदीप: ते चित्र कमिटीने मंजूर केलंय 🙏

शेंडे मॅडम: किल्ली??

जोशी काका: राहुल, वरचे ७ स्ट्रॉ कापले. आता कडं एका बाजूला उघडं पडलंय.

राहुल: काका, ७ नाही हो! प्रत्येक त्रिकुटातली बाहेरची सी नळी बेसल बॉडीच्या वरच्या टोकाला संपते. म्हणजे ९ कापायचे, प्रत्येकातला एक. उरले १८. मग मधोमध २ नवे. प्रायमरी (पेशीवरचा एकटा, न हलणारा) सिलियम दाखवायचा असेल तर ते २ पण नकोत.

जोशी काका: फेव्हिकॉल वाळलाय.