फटफटीच्या हँडलवर फोन लावावा का?

धुऱ्यावरचा: माझं काम ठिबक बसवायचं. परतवाडा, धारणी, चुर्णी, रोज कुठंतरी. गाडी ३५० सीसी, एका सिलिंडरची. उतरलो तरी मनगटं झिणझिणतात. पावसाळाभर फोन हँडलवर लावला. आता कॅमेरा उघडला की चित्र थरथरतं, आतून टकटक येते. फोटो हलू नये म्हणून आतली लेन्स थोडी हलती ठेवून चुंबकांनी सावरलेली असते, तिला दिवसभर हादरे. ॲपलनं तर सप्टेंबर २०२१ मध्येच लिहून टाकलंय की मोठ्या मोटारसायकलचे हादरे कॅमेऱ्याला बाधतात. माझं मत: फोन खिशात, हँडलवर वेगळं जीपीएस यंत्र.

पानठेला: यंत्राचा खर्च काहून करता भाऊ? माया ११० सीसीवर तीन वर्षं झाले फोन लावून हाय. काई झालं नाई.

धुऱ्यावरचा: तुमची गाडी हलकी म्हणून. तरी स्कूटरलाही हादरे शोषणारं माउंट लावा, असं त्याच पानावर आहे.

मेळघाटी: वेगळं यंत्र मी वापरलंय, पेन्सिल सेलवालं. गिट्टी उखडलेल्या रस्त्यावर आत सेल नाचतात, स्प्रिंगपासून क्षणभर सुटतात, की यंत्र बंद. चालू करा, पुन्हा उपग्रह शोधत बसा. सेमाडोहच्या वळणांवर चारदा मेलं. शेवटी सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून सेलमागे कोंबला, तेव्हा गप बसलं.

पानठेला: म्हणजे औषध ट्यूबच! मंग तीच फोनखाली बांधा ना, यंत्र कायले?

पऱ्हाटी: मुळात नकाशाच कायले पाहिजे? पांदण रस्ता त्यात नसतेच. मले त्यानं एकदा तुरीच्या वावरात नेऊन सोडलं. चौकात विचारा, पोरगं संग येते.

मेळघाटी: भर मे महिन्यात दुपारी बाराला कोणतं पोरगं येते राजेहो? तिथं रेंजही नसते. जीपीएसला रेंज लागत नाही, नकाशा घरूनच उतरवून न्यायचा. फक्त त्या उन्हात हँडलवरचा फोन तापून स्क्रीन काळवंडते, हे खरं.

पानठेला: थांबा. आत्ताच फोन हलवून पाह्यला. मायाही टकटक करते ना बापा!

मेळघाटी: बंद कॅमेऱ्यात चांगली लेन्सही वाजते. कॅमेरा चालू करून हलवा.

पानठेला: केला. थांबली.

धुऱ्यावरचा: माझी थांबत नाही.