74 वर्षांचे बाबा, अकरा वर्षांची गाडी: फुल इन्शुरन्स ठेवायचा की नुसतं थर्ड पार्टी?

मनीषनगरकर
बाबा 74 चे, गाडी अकरा वर्षं जुनी वॅगनार. रिन्यूअलचा मेसेज आला, फुल पॉलिसी सहा हजाराच्या आसपास, नुसतं थर्ड पार्टी केलं तर तीनच्या आत. आयडीव्ही, म्हणजे कंपनी धरते ती गाडीची आजची किंमत, उरली दीड-पावणेदोन लाख. गाडी जाते कुठं तर नागपुरातल्या नागपुरात, सोमलवाडा, भाजी, कधीमधी टेकडी गणपती. माझं म्हणणं सरळ आहे, एवढ्या जुन्या गाडीवर फुल भरणं म्हणजे पैसे पाण्यात. बाबा ऐकून नाही राहिले, "आजवर भरलं, आता कायले बंद करू" एवढंच म्हणते. एक वर्ष थर्ड पार्टी करून पाहू, वाटलं तर पुढच्या वर्षी परत फुल, असं मी म्हणतो. तुम्ही काय म्हणता?

डागा_लेआउट
पैसे पाण्यात म्हणता दादा, 23 सप्टेंबर 2023 ला आमच्या इथं गाड्याच पाण्यात होत्या. अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदीचं पाणी रात्रीतून घरात, सकाळी पाहतो तर डॅशबोर्डपर्यंत चिखल. थर्ड पार्टी म्हणजे समोरच्याचं नुकसान, आपल्या गाडीचा त्यात एक रुपया येत नाही, त्यामुळे ज्यांचं तेवढंच होतं ते बसले स्वतःच्या पैशाने सीटा धुवत. फुल असलं तरी एक ऐका, पाण्यात उभी राहिलेली गाडी स्टार्ट नाही करायची. सेल्फ मारला की पाणी इंजिनात ओढल्या जाते, आतले रॉड वाकतात, आणि इंजिन प्रोटेक्टचं ॲड-ऑन (वरचे पैसे भरून घ्यायचं जास्तीचं कव्हर) नसलं तर कंपनी म्हणते हे पुरानं नाही, तुम्ही केलं. त्या दिवशी आमच्या गल्लीत सगळ्यात आधी चावी फिरवायला धावले ते ज्येष्ठ नागरिकच.

हिशोबी_भाऊ
पूर काय रोज येते का बे. मनीषनगरात नाग नदी नाही वाहत.
हिशोब करून दाखवतो. समजा बंपर, हेडलाइट, बोनेट गेलं. पार्ट 18 हजार, मजुरी 7. दहा वर्षांवरच्या गाडीच्या लोखंडी पार्टवर 50 टक्के घसारा कापतात, प्लास्टिकवर तर गाडी नवी असो की जुनी 50च. झीरो डेप, म्हणजे घसारा न कापायचं ॲड-ऑन, एवढ्या जुन्या गाडीला बहुतेक कंपन्या देतच नाहीत. म्हणजे पार्टचे आले 9, मजुरीचे 7, त्यातून दर क्लेमला आपल्या खिशातून जाणारे कंपल्सरी हजार कापले, हातात 15. इथपर्यंत ठीक. पण बाबांचा एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याची प्रीमियममधली सूट, 50 टक्के असेल तर तो गेला शून्यावर, आणि परत 20, 25, 35, 45 करत 50 वर यायला पाच वर्षं विनाक्लेम पाहिजे. 74 मध्ये पाच मिळवा आणि सांगा. फरकाचे तीन हजार दरवर्षी आरडीत टाका, स्वतःचा इन्शुरन्स स्वतःच करा.

लक्ष्मीनगरच्या_काकू
भाऊ, हिशोब छान मांडलात, पण 25 हजाराचं बिल आलं तेव्हा तुमच्या आरडीत दोन वर्षांचे सहा हजार असतील. बाकीचे कोण देणार, मुलगाच ना? म्हणजे वडिलांनी परत मुलापुढे हात पसरायचा. मी 71 ची आहे, रोज धंतोलीपर्यंत स्वतः चालवते. बंपरला खरचटलं तर मी क्लेम करतच नाही, स्वतः भरते, एनसीबी तसाच राहतो. फुल पॉलिसी मी चोरी, आग आणि मोठ्या ठोकेसाठी ठेवली आहे. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर गेला की टोटल लॉस धरतात, तेव्हा दीड लाख हातात येणं आणि काहीच न येणं यात फरक आहे हो.
आणि सगळ्यात कामाचं ॲड-ऑन कोणी बोललंच नाही, रोडसाइड असिस्टन्स. मे महिन्यात वर्धा रोडवर भर दुपारी बॅटरी बसली की 45 डिग्रीत डोक्यावर दुपट्टा घेऊन मेकॅनिक शोधायचं आमचं वय आहे का? थर्ड पार्टीवर ते मिळत नाही, वेगळं घ्यावं लागते.

धरमपेठ_टू_पुणे
मला कोणी शिव्या देईल, पण अमेरिका-इंग्लंडात सत्तरीनंतर प्रीमियम वाढतो आणि ते मला बरोबर वाटते. आपल्याकडे थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवते तो फक्त सीसीवर, हजार सीसीच्या आत 2022 मध्ये ठरला तो 2,094, चालवणारा 25 चा असो की 85 चा. बाकीचा प्रीमियम गाडीचं वय, आयडीव्ही, शहर, एनसीबी यावर. म्हणजे काकांची रिस्क आपण सगळे भरून राहिलो.

लक्ष्मीनगरच्या_काकू
आणि शंकरनगर चौकात मोबाइल पाहत सिग्नल तोडणाऱ्या पोट्ट्यांची रिस्क कोण भरते? वयावर नको, चालवण्यावर लावा. 2022 पासून किलोमीटरप्रमाणे प्रीमियमचं ॲड-ऑन पण निघालं आहे, मनीषनगरकरांनी ते आधी विचारावं, गाडी एवढी कमी चालते तर.

क्लेमवाला
मी याच धंद्यात आहे, जुन्या गाड्यांचे क्लेम रोज पाहतो. तुम्ही सगळे चुकीच्या कागदावर भांडून राहिले. पॉलिसी नंतर, आधी लायसन्स काढा. 55 नंतर ते पाच-पाच वर्षांचंच रिन्यू होते, आणि चाळिशीनंतर फॉर्म 1ए वर डॉक्टरची सही लागते. आजच्या तारखेत लायसन्स संपलेलं असलं आणि ठोकली, तर स्वतःच्या गाडीचा क्लेम गेला, फुल असो की झीरो डेप असो. थर्ड पार्टीत कोर्ट कंपनीला भरायला लावते पण कंपनी नंतर मालकाकडून वसूल करू शकते, आणि माणूस दगावला तर ती रक्कम वॅगनारच्या किमतीची नसते. पॉलिसीत मालक-चालकाचा 15 लाखांचा अपघाती कव्हर असतो, त्याला पण चालू लायसन्स पाहिजे. आणि आरसी मुलाच्या नावावर अन चालवते बाप, असं असलं तर तो 15 लाखांचा कव्हर बापाचा नाहीच.
दुसरं, "परत फुल करू" हे म्हणणं सोपं आहे. आपल्या गाडीचा कव्हर 90 दिवसांच्या वर तुटला की एनसीबी गेला, वरून इन्स्पेक्शन. ठेवायचं तर सलग ठेवा, सोडायचं तर कायमचं सोडा.
ड्रायव्हर ठेवणार असाल तर पेड ड्रायव्हरचं कव्हर जोडा, वर्षाला 50 रुपये अधिक जीएसटी, एजंट सांगत नाही कारण त्याला त्यात काही सुटत नाही.

हिशोबी_भाऊ
लायसन्सचं मान्य. पण मग 74 च्या माणसाला डॉक्टरकडे नेऊन डोळे तपासायचे, तिथं मोतीबिंदू निघाला तर गाडीच बंद, इन्शुरन्सचा प्रश्नच मिटला. माझे तीन हजार तरी वाचले म्हणा.

लक्ष्मीनगरच्या_काकू
मोतीबिंदूचं ऑपरेशन होते हो भाऊ. माझे दोन्ही डोळे झाले आहेत, तुमच्यापेक्षा लांबचा सिग्नल दिसते.

मनीषनगरकर
आरसी बाबांच्याच नावावर आहे. एनसीबी 50 आहे, म्हणून सलग फुल ठेवतो, किलोमीटरवालं विचारतो, रोडसाइड असिस्टन्स जोडतो. लायसन्सची तारीख मात्र कळून नाही राहिली. बाबा म्हणते पाकिटात आहे, आणि पाकीट देत नाहीत.

क्लेमवाला
मग तर नक्कीच पाहा 😀