ग्नूलिब: कालबाह्य मॉड्यूल काढलं आणि बिल्ड मोडलं

प्रश्न
ग्नूलिब (सिस्टिममध्ये नसलेली सी फंक्शनं पुरवणारा सोर्सचा संग्रह) वापरतोय. त्यातली मॉड्यूलं प्रोजेक्टमध्ये आणणाऱ्या ग्नूलिब-टूलने मेममूव्ह (मेमरीतला मजकूर हलवणारं फंक्शन) आणि एटेक्झिट (प्रोग्राम संपताना चालवायचं फंक्शन नोंदवणारं) ही मॉड्यूलं कालबाह्य असल्याची सूचना दिली, म्हणून दोन्ही यादीतून काढली. आता लिनक्सवरच कंपाइल होत नाही. 'पी = मेममूव्ह(...)' या ओळीवर व्हॉइड मूल्य वापरल्याची एरर येते. मेममूव्ह तर ग्लिबसीत, म्हणजे लिनक्सच्या नेहमीच्या सी लायब्ररीत, आहे! ग्नूलिब-टूलचा विथ-ऑब्सोलीट (कालबाह्य मॉड्यूलंही घ्या) पर्याय लावून सगळं परत आणावं का?

उत्तर १
नको. खोट तुमच्याच सोर्समध्ये आहे. कुठल्या तरी हेडरमध्ये 'हॅव्ह_मेममूव्ह नसेल तर मेममूव्हऐवजी बीकॉपी (तेच काम करणारं जुनं फंक्शन)' असा जुना मॅक्रो सापडेल. हॅव्ह_मेममूव्ह हे चिन्ह ठरवणारी तपासणी मॉड्यूलच्या एम-फोर फाइलमध्ये (जिच्यातून कॉन्फिगर स्क्रिप्ट बनते) होती. मॉड्यूलबरोबर तीही गेली, आणि व्याख्या नसलेल्या नावाला प्रीप्रोसेसर (कंपाइलच्या आधी मॅक्रो उलगडणारा टप्पा) अटीत शून्य धरतो. बीकॉपी काहीच परत देत नाही, म्हणून एरर तरी आली. परतीचं मूल्य न वापरणाऱ्या ओळी गुपचूप बीकॉपीवर गेल्या असणार.
मॅक्रोच उडवा. मेममूव्ह १९८९ च्या सी मानकापासून आहे. सनओएस ४ सारख्या जुन्या युनिक्स सिस्टिमसाठी ही कसरत होती.

उत्तर २
फक्त हे दोन शोधून भागणार नाही. सोर्समधली 'हॅव्ह_' ने सुरू होणारी सगळी नावं ग्रेपने (मजकूर शोधणारी कमांड) काढा आणि ऑटोहेडरने बनवलेल्या कॉन्फिग.एच.इन शी (कॉन्फिगर ठरवू शकतं अशा चिन्हांची यादी) ताडून बघा. जे नाव सोर्समध्ये आहे पण तिथे नाही, ते संशयित. खरंच गरज असेल तर त्या फंक्शनची तपासणी कॉन्फिगर.एसी मध्ये (प्रोजेक्टची स्वतःची तपासण्यांची फाइल) स्वतः लिहा, मॉड्यूलच्या भरवशावर राहू नका.

उत्तर ३
विथ-ऑब्सोलीटबद्दल: तो फक्त अवलंबनातून, म्हणजे दुसऱ्या मॉड्यूलला लागतात म्हणून, येणाऱ्या कालबाह्य मॉड्यूलांना लागू होतो. नाव घेऊन मागितलेलं मॉड्यूल त्याच्याशिवायही येतं. त्यामुळे एखादा जुना प्लॅटफॉर्म सांभाळायचा असेल तर तेवढंच मॉड्यूल यादीत ठेवा. शिवाय हा पर्याय ग्नूलिब-कॅश.एम-फोर या नोंदीच्या फाइलमध्ये नोंदला जातो, म्हणजे पुढच्या प्रत्येक अपडेटला तो लागूच. आधी ड्राय-रन (काही न बदलता नुसती चाचणी) करून कुठल्या फाइली जाणार ते पाहा, मग अपडेट, मग कॉन्फिगर नव्याने बनवायला ऑटोरीकॉन्फ. काढलेल्या फाइलींच्या शेवटी '~' असलेल्या प्रती मागे राहतात, त्या चुकून कमिट करू नका.

प्रश्नकर्ता
मॅक्रो सापडला, काढला, बिल्ड झालं. त्याच हेडरमध्ये एटेक्झिटऐवजी ऑन_एक्झिटही होतं.

उत्तर १
तेही काढा. ऑन_एक्झिटला दोन आर्ग्युमेंट घेणारं फंक्शन लागतं. आत्ता कंपायलरच्या नुसत्या इशाऱ्यावर निभावतंय, पण जीसीसी कंपायलरच्या आवृत्ती १४ पासून पॉइंटरचे प्रकार न जुळणं ही मुळातच एरर आहे.