शकुंतलेची स्टेशनं : तुमच्याकडे काय उरलंय?

दिवाळीत दर्यापूरला गेलो होतो. भाच्याला म्हटलं, चल, स्टेशन दाखवतो. तो म्हणे, "मामा, इथं कुठं स्टेशन?" त्याचं चुकलं नाही. गाव दर्यापूर, पण स्टेशनाचं नाव बनोसा, आणि पिवळ्या पाटीवर आता फक्त 'सा' वाचता येतो. फलाटावर कोणीतरी सोयाबीन वाळत घातलं होतं. गाजरगवत बाजूला सारून रूळ शोधले आणि पोराला एक पाय या रुळावर, एक त्या रुळावर ठेवून उभं केलं. अडीच फुटांचं अंतर. सहज जमलं त्याला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : शकुंतला म्हणजे विदर्भातली अरुंद रुळांची छोटी रेल्वे. मूर्तिजापूरहून एक फाटा कारंजा-दारव्ह्यामार्गे यवतमाळला, ११३ किलोमीटर; दुसरा दर्यापूर-अंजनगाववरून अचलपूरला, ७६ किलोमीटर. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने १९१० मध्ये काढलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची ही लाइन. बाकी रेल्वे सरकारच्या झाल्या, ही मालकीने खासगीच राहिली. गाड्या चालवायची मध्य रेल्वे. यवतमाळची गाडी आधी बंद पडली, मग अचलपूरची. कंपनी आणि रेल्वेमधल्या कराराबद्दल पुष्कळ लिहून झालंय. मला तुमचं स्टेशन हवंय. कोणतं होतं, आणि तिथं काय करायचात? आलेली उत्तरं खाली, ज्याच्या त्याच्या स्टेशनाच्या नावाखाली.

मूर्तिजापूर
आमचा आजा जंक्शनवर हमाल. छोट्या गाडीतून कापसाच्या गाठी उतरवायच्या आणि मोठ्या लाइनच्या वाघिणीत (मालडब्यात) भरायच्या, कारण रूळच वेगळे. तिथून मुंबई, मग बोटीनं मँचेस्टर. गाठीला लोखंडी पट्ट्या असायच्या, त्यांत आकडा अडकवून ओढायचं. आज्याच्या उजव्या तळहाताला मधोमध घट्टा होता, आम्ही पोट्टे तो दाबून पाहायचो. इंजिनाबद्दल तो कधी चकार शब्द बोलला नाही. गाठीबद्दल मात्र सांगायचा, "पावसात भिजली का दुप्पट होते."

अंजनगाव सुर्जी
आमच्याकडे पानमळे आणि पानपिंपरी (औषधी पिंपळी). मामाच्या गावाला जाताना पानाची करंडी बाकाखाली आणि तिच्यावर ओलं फडकं. माझं काम एकच, फडकं वाळलं की तांब्यातलं पाणी शिंपडायचं. अचलपूर ते मूर्तिजापूर चार तास लागायचे, त्यामुळे तांब्या मध्ये एकदा तरी भरावा लागे. गाडी थांबली की मी हातपंपाकडे पळायची आणि आई ओरडायची, "माय, गाडी सुटून राहिली!" एकदा खरंच सुटली. मी पळत जाऊन पुढच्या डब्यात चढले. शकुंतला होती म्हणून जमलं, बाकी कुठल्या गाडीला हे करू नका.

दारव्हा, सध्या पुणे
वडील याच लाइनवर गार्ड होते. शेवटी शेवटी मधल्या स्टेशनांवर माणूसच उरला नव्हता, तेव्हा तिकीटही तेच फाडायचे. फाटक आलं की गाडी अलीकडे थांबे. एकानं उतरायचं, फाटक लावायचं. गाडी पलीकडे जाऊन पुन्हा उभी. फाटक उघडून तो धावत येऊन चढे. बैलगाडीवाले तोवर बिडी पेटवत. वाफेचं इंजिन मी पाहिलंय. १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेलं, एप्रिल १९९४ पर्यंत चाललं. लोक फोटो काढायला यायचे, आईला मात्र बाबांच्या शर्टाची कॉलर दिसायची. तिच्यावरची काजळी निळीनंही निघत नसे.

यवतमाळ
थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका जी. शकुंतला म्हटलं की सगळ्यांचे डोळे पाणावतात, पण गाडी चालू असताना यातले किती जण बसले? आमच्या घरी पैसे असले की एसटी, नसले की शकुंतला. बाबांना ताप चढला होता तेव्हा पैसे नव्हते. गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये इंजिन बिघडून उभी राहिली, आणि मी सातवीतला पोरगा ओला रुमाल त्यांच्या कपाळावर धरून बसलो. दुपारची संध्याकाळ झाली. बाबा बरे झाले, पण त्या गाडीची हौस मला नाही. ब्रॉडगेज (मोठी लाइन) करा. २०१६ मध्ये दीड हजार कोटींची घोषणा झाली होती, ती ऐकून आई म्हणाली, "आता तरी लौकर पोचशीन." वारसा म्हणून डबा ठेवायचा असेल तर खुशाल ठेवा, पण रूळ माणसं न्यायला असतात.

पथ्रोट
वरच्यांशी सहमत, तरी एक सांगते. एसटीत म्हातारीला शेळी नेऊ देत नाहीत. शकुंतलेत आमची आजी शेळी घेऊन बसायची, आणि गार्ड तिलाच विचारायचा, "बुढे, हिचं तिकीट?" ती म्हणे, "थे माह्या मांडीवर हाय." गाडी बंद झाल्यावर आजीनं बाजारच सोडला.

कारंजा, सध्या नाशिक
माझ्याकडे तिकीट आहे, जुनं, पुठ्ठ्याचं. आईच्या पेटीत, साड्यांच्या खाली. कारंजा ते मूर्तिजापूर, माझ्या पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला गेलो त्या दिवसाचं. नोकरी मिळाली नाही. परतीचं तिकीट गेटवर द्यावं लागलं, जातानाचं कसं राहिलं ते आठवत नाही. पुढच्या महिन्यात घरी जाईन तेव्हा फोटो टाकतो. तारीख विचारू नका, तिकीटबाबूनं भोक नेमकं तिच्यावरच पाडलंय.