मदत हवी आहे: एफपीजीएवर डीएनए जुळणी सीपीयूपेक्षा हळू चालतेय

नमस्कार. डीएनएचे तुकडे संदर्भाशी जुळवणारा स्मिथ-वॉटरमन अल्गोरिदम मी एफपीजीएवर (हवं ते सर्किट बसवता येणाऱ्या चिपवर) उतरवतेय. कोड सी++ मध्ये आहे, सर्किट एचएलएसने (सी++ वरून सर्किट बनवणाऱ्या साधनाने) बनवलं. उत्तरं अचूक येतात, हजारो जोड्या ताडून पाहिल्या. वेग बघून मात्र जीव खट्टू झाला.

तुकडा १५० अक्षरांचा, संदर्भ ३०० अक्षरांचा, म्हणजे तक्त्यात ४५,००० घरं. क्लॉक २०० मेगाहर्ट्‌झ. रिपोर्टमध्ये आतल्या लूपचा आयआय ३ दिसतो, म्हणजे दर तीन क्लॉकना एक घर. एका जोडीला ६७५ मायक्रोसेकंद! सीपीयूच्या एका कोअरवर साधा सी कोड १३० मध्ये मोकळा होतो.

प्रत्येक घराला डावं, वरचं आणि तिरकं घर लागतं. मी ओळीने जात होते, त्यामुळे डावं घर भरेपर्यंत पुढचं अडून राहायचं. एकाच कर्णावरची घरं मात्र एकमेकांवर अवलंबून नसतात, ती एकदम भरता यायला हवीत. म्हणून लूप कर्णाने फिरवला, आत अनरोलचा प्रॅग्मा (लूपच्या फेऱ्या एकदम चालवायची सूचना) टाकला. एलयूटी (चिपमधले लॉजिकचे छोटे घटक) दुपटीने वाढले, वेग जवळपास तोच. कुठे चुकतंय? की सरळ व्हेरिलॉगमध्येच (सर्किट थेट लिहायच्या भाषेत) लिहावं?

प्रतिसाद १
कर्णाची दिशा बरोबर आहे, व्हेरिलॉगची गरज नाही. तुमचा ॲरे ब्लॉक रॅममध्ये (चिपमधल्या तयार मेमरीत) गेला असणार. तिला पोर्ट दोनच, म्हणजे एका क्लॉकला दोनच घरं वाचता-लिहिता येतात. दीडशे घरं एका क्लॉकला वाचायला आली तर रांग लागणारच. अख्खा तक्ता ठेवूच नका, मागचे दोन कर्ण पुरतात. त्या ॲरेंना कम्प्लीट पार्टिशन (प्रत्येक घर सुटं ठेवायची सूचना) लावा, ते रजिस्टरमध्ये जातील आणि सगळी घरं एकदम वाचता येतील. आणि ३२ बिटांचा इंट काढा: जुळणीला २ गुण धरले तर कमाल ३००, १० बिटांत मावतं.

मग कर्ण ४४९, दर क्लॉकला एक, म्हणजे जेमतेम सव्वादोन मायक्रोसेकंद. तेव्हा खरी अडचण पीसीआयईची (कॉम्प्युटर आणि कार्ड जोडणाऱ्या मार्गाची) होईल. जोड्या एकेक करून पाठवल्या तर डीएमए (सीपीयूला न गुंतवता होणारी डेटाची ने-आण) सुरू करण्यातच त्याच्या कितीतरी पट वेळ जातो. हजारोंचा गठ्ठा पाठवा, दोन बफर ठेवा: एकावर चिप काम करते, तोवर दुसरा भरायचा.

धागाकर्ती
पार्टिशन लावताच आयआय १ आला, १० बिटांवर टायमिंगही बसलं, म्हणजे एका क्लॉकच्या वेळात काम पुरं होतं. मनापासून आभार! गठ्ठ्याचं आजच करते. एक राहिलं: मला गुणांबरोबर जुळणीचा मार्गही हवाय. प्रत्येक घराची दिशा २ बिटांत ब्लॉक रॅममध्ये साठवावी, की मोजक्या चांगल्या जोड्यांचा मार्ग सीपीयूवरच काढावा?