भूगावच्या बंगल्यातल्या पूलसाठी फिल्टर कोणता घ्यावा: सँड, कार्ट्रिज की डीई?

भूगावकर:
बंगल्यामागे पूल बांधायला घेतलाय. आतून 8 मीटर बाय 4 मीटर, खोली एका टोकाला 1.1 आणि दुसऱ्या टोकाला 1.6 मीटर. सरासरी 1.35 धरली तर साधारण 43 हजार लिटर पाणी. स्किमर (पृष्ठभागावरचं पाणी आणि कचरा ओढणारी तोंडं) दोन. प्लँट रूम 6 मीटरवर, पाण्याच्या पातळीच्या खाली. पाणी बोअरचं, टोटल हार्डनेस (पाण्याचा कडकपणा) 520 पीपीएम निघाला. एप्रिल-मेमध्ये बोअर आटतं, तेव्हा 10 हजार लिटरचा टँकर मागवावा लागतो.

एका कंत्राटदाराने 24 इंची सँड फिल्टर आणि ताशी 8 घनमीटरचा पंप सुचवलाय. दुसरा म्हणतो कार्ट्रिजच (घड्यांच्या कापडाचा फिल्टर) घ्या, बॅकवॉशचं (फिल्टर उलट्या प्रवाहाने धुण्याचं) पाणी वाचेल. तिसऱ्याच्या मते पाइपलेस (पूलमध्येच लोंबणारा, पाइप नसलेला फिल्टर) लावला की प्लँट रूमचीच गरज नाही. आणि सगळ्यात बारीक डीई (डायॲटोमाइट पावडरचा फिल्टर) गाळतो, असंही ऐकतोय. टँकरच्या पाण्याचा हिशोब धरून काय घ्यावं?

गाळणी:
तुमच्या पाण्याला सँड फिल्टरच घ्या. कारण सांगतो.

बारकाव्याचाच प्रश्न असेल तर वाळू साधारण 20 ते 40 मायक्रॉनपर्यंतचे कण अडवते, कार्ट्रिज 10 ते 20, आणि डीई 3 ते 5. पण डीईची पावडर प्रत्येक बॅकवॉशनंतर नव्याने घालावी लागते. ती नाकातोंडात जाणं फुप्फुसांना वाईट, म्हणून मास्क लावूनच हाताळायची. धुतलेली पावडर गटारात सोडली की साचून राहते. घरच्या पूलला एवढा व्याप कशाला?

आता पाण्याचा हिशोब. 24 इंची टाकीचा नीट बॅकवॉश ताशी 11 घनमीटरच्या आसपास प्रवाहाने होतो. 3 मिनिटं बॅकवॉश आणि अर्धा मिनिट रिन्स (बॅकवॉशनंतर उरलेलं गढूळ पाणी बाहेर सोडणं) म्हणजे साधारण 650 लिटर. आठवड्याला एकदा केलं तर 15 आठवड्यांत एक टँकर. ऐकायला जास्त वाटतं. पण तुमच्या पूलचा पृष्ठभाग 32 चौरस मीटर आहे. उन्हाळ्यात दिवसाला 6 मिलिमीटर पाणी उडालं तरी 190 लिटर रोज जातात, आठवड्याचे 1,300 च्या वर. म्हणजे बॅकवॉशच्या दुप्पट पाणी नुसतं ऊन पितं. टँकर वाचवायचा असेल तर आधी पूलला कव्हर घ्या, फिल्टरचा प्रकार नंतर.

दुसरी गोष्ट या गणितात सहसा कुणी धरत नाही. वाफ होऊन जाते ते निव्वळ पाणी, क्षार मागेच राहतात. वरून तुम्ही 520 हार्डनेसचं पाणी घालणार, म्हणजे क्षार चढतच जाणार. बॅकवॉशबरोबर थोडे तरी क्षार बाहेर पडतात. कार्ट्रिजमध्ये पाणी बाहेर काढायची वेळच येत नाही, त्यामुळे कडकपणा साठतो आणि पीएच 7.8 च्या वर सरकला की कार्ट्रिजच्या घड्यांमध्येच पांढरा थर धरतो. वाळूवरही थर बसतो, तिचे गोळे होतात. पण वाळू बदलणं सोपं आणि स्वस्त.

पाइपलेस वाईट नाही. छोट्या किंवा गच्चीवरच्या पूलला, जिथे भिंतीतून पाइप काढायचे नसतात, तिथे तो योग्यच. तुमची प्लँट रूम होतेच आहे, मग पाण्यात लोंबणारं यंत्र का घ्यायचं?

पंपघर:
गाळणींशी सहमत, पण कंत्राटदाराने दिलेली जोडी जुळत नाही. 24 इंची टाकीचं क्षेत्रफळ 0.283 चौरस मीटर. बॅकवॉशला वाळू वर उचलली जायला दर चौरस मीटरला ताशी 40 घनमीटरच्या आसपास पाणी लागतं, म्हणजे 11 च्या वर. 8 चा पंप लावलात तर ते जेमतेम 28 भरतं. वाळू फुगत नाही, घाण आतच राहते, आणि काही महिन्यांत वाळूत वाटा पडून पाणी न गाळताच खाली जातं. लोक मग फिल्टरला दोष देतात.

उलट गाळायला हळू वेग चांगला. 43 घनमीटर पाणी 6 तासांत एकदा फिरवायला ताशी 7.2 पुरतो, तेव्हा 24 इंचीत वेग ताशी 25 मीटर पडतो. फार छान. म्हणून 24 इंची टाकीबरोबर 11 ते 12 घनमीटरचा व्हेरिएबल स्पीड पंप घ्या: रोज कमी वेगावर, बॅकवॉशला पूर्ण वेगावर. वेग निम्मा केला की पंपाची वीज तत्त्वतः आठव्या हिश्श्यावर येते. तो परवडत नसेल तर 8 च्याच पंपाबरोबर 20 इंची टाकी बसवा. क्षेत्रफळ 0.196, बॅकवॉश नीट होईल, फक्त गाळायचा वेगही 40 राहील.

सक्शनचा पाइप 2 इंची ठेवा. दीड इंचीत 12 घनमीटर ओढलं तर वेग सेकंदाला अडीच मीटरच्या पुढे जातो, पंप खडखडतो. आणि प्लँट रूम पाण्याच्या पातळीखाली आहे, म्हणून पंपाच्या आधी, फिल्टरच्या नंतर आणि वेस्टच्या (पाणी बाहेर सोडायच्या) लाइनवर, तिन्ही ठिकाणी बॉल व्हॉल्व्ह हवेतच. नाहीतर पंपाची जाळी साफ करायला झाकण उघडलं की पूल खोलीत येतो. वेस्टवर व्हॉल्व्ह नसेल तर मल्टिपोर्ट (फिल्टर, बॅकवॉश, रिन्स, वेस्ट निवडायचा व्हॉल्व्ह) चुकून त्या खुणेवर राहिला तरी पूल आपोआप रिकामा होत जातो. खोलीत पावसाळ्यासाठी छोटा संप आणि सबमर्सिबल पंपही धरा.

घडीकार:
कार्ट्रिजच्या बाजूनेही लिहायला हवं. बॅकवॉशचं पाणी सोडायला ड्रेनेज किंवा शोषखड्डा नसेल आणि पाणी महापालिकेचं, कमी हार्डनेसचं असेल, तर मी कार्ट्रिजच सांगेन. पण क्षेत्रफळात काटकसर नको. ताशी 8 घनमीटरला 200 चौरस फुटांचं घ्या. छोटं कार्ट्रिज दर आठवड्याला धुवावं लागतं आणि लवकर फाटतं.

धुताना होजचं पाणी वरून खाली, घडीघडीतून. प्रेशर वॉशर अजिबात नको, कापडाचे धागे सुटतात. चार-सहा महिन्यांनी रात्रभर भिजवायचं, ते आधी तेलकटपणा काढणाऱ्या द्रावणात. त्यानंतर क्षारांचा थर दिसला तरच सौम्य ॲसिड: 20 भाग पाण्यात 1 भाग, आणि ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही. हा क्रम उलटा केला तर सनस्क्रीन आणि अंगाचं तेल घड्यांत पक्कं बसतं, मग कार्ट्रिज टाकूनच द्यावं लागतं.

भूगावकर:
खूप उपयोग झाला. ड्रेनेज आहे आणि मागे शोषखड्डाही. मग 24 इंची सँड आणि व्हेरिएबल पंप नक्की. दोन शंका: वाळूऐवजी ग्लास मीडिया (काचेचे दाणे) भरावा का? आणि साइटवर क्रश सँड पडलीय, ती चाळून चालेल का?

गाळणी:
क्रश सँड मुळीच नको. तिच्यात दगडाची भुकटी असते, दाणे कमीजास्त असतात. भुकटी पूलमध्ये येईल किंवा लॅटरलच्या (टाकीच्या तळाशी असलेल्या फटींच्या पाइपांच्या) फटी बुजतील. नदीची वाळूही नको. फिल्टरसाठी मिळणारी धुतलेली सिलिका सँड घ्या, 0.5 ते 0.8 मिलिमीटर. 24 इंचीला साधारण 130 ते 150 किलो लागते, नेमका आकडा टाकीच्या लेबलवर असतो. त्याहून जास्त भरली तर बॅकवॉशमध्ये वाहून जाते.

भरायच्या आधी टाकी पाण्याने निम्मी भरा, म्हणजे वाळू पडून खालचे लॅटरल तुटणार नाहीत. मधल्या पाइपचं तोंड प्लास्टिकने बांधा आणि तो पाइप सरळ धरून ठेवा. मग पहिलं काम बॅकवॉश, पाणी स्वच्छ होईपर्यंत, आणि रिन्स. पुढे कधी रिटर्नच्या (गाळलेलं पाणी पूलमध्ये परत येतं त्या) तोंडाशी वाळू दिसली तर लॅटरल तुटलाय असं समजा.

ग्लास वाळूपेक्षा बारीक गाळतो, वजनाने 15 ते 20 टक्के कमी लागतो आणि त्याचे गोळे सहसा होत नाहीत. पण महाग. मी आत्ता वाळू भरेन आणि 5-7 वर्षांनी ती बदलायची वेळ आली की ग्लासचा विचार करेन.

पंपघर:
सुरू केल्यावर पहिल्या दिवशी प्रेशर गेजचा आकडा टाकीवर मार्करने लिहून ठेवा. त्यावर 0.5 ते 0.7 किलो चढलं की बॅकवॉश, आठवडा झाला म्हणून नव्हे. वाळू किंचित मळलेली असतानाच जास्त बारीक गाळते, रोज धुतली तर पाणी गढूळच राहतं. मल्टिपोर्टचं हँडल फिरवताना पंप बंदच हवा, नाहीतर आतलं गॅस्केट उखडतं आणि गाळलेलं पाणी वेस्टला जायला लागतं.

पावसाळ्यात लाल गढूळ पाणी पूलमध्ये उतरलं तर फिल्टरच्या भरवशावर राहू नका. पीएच 7.2 ते 7.6 मध्ये आणून 2 किलो तुरटी बादलीत विरघळवून सगळीकडे शिंपडा, थोडा वेळ फिरवून पंप रात्रभर बंद. सकाळी तळाचा गाळ मल्टिपोर्ट वेस्टवर ठेवून व्हॅक्यूमने सरळ बाहेर काढा. तो फिल्टरमधून गेला तर वाळू तासाभरात चोंदते. तुरटीने पीएच उतरतो, तो लगेच तपासा. आणि पाणी हिरवट झालं तर आधी क्लोरीन बघा. ते 1 ते 3 पीपीएममध्ये नसेल तर कोणताही फिल्टर शेवाळ थांबवत नाही.